मडमच्या नाताळातलं भूत

“तीच ती,” मडम हळूच म्हणाली. “भुताची मुलगी.”

मी त्यांच्याकडे पाठ करून नाताळसाठी आणलेल्या सुरूच्या झाडाच्या फांद्यांवर कापूस लावत होते. त्या कापसाला मडम बर्फ म्हणायची. जिनिंगचा हंगाम ऐन भरात होता, कापूस उडून तसाही सगळ्या आवारावर, पाण्याच्या हौदावर, कुत्र्याच्या पाठीवर बसलेला असायचा. पण झाडावरचा बर्फ हातानंच लावायचा, आणि तो मी लावायचा, असं काही वर्षांपासून ठरून गेलं होतं.

“खरंच?” पाहुणी म्हणाली. ती मुंबईहून आली होती, कंपनीच्या मोठ्या साहेबाची बायको. “मुलीला माहीत आहे?”

“कसं असणार? तेव्हा एवढीशी होती ती.”

“इंग्रजी कळतं का तिला?”

“उत्तम. मीच तर कॉन्व्हेंटात घातलं. पण तोंडातून शब्द निघत नाही. फार लाजाळू.”

ग्रामोफोनच्या आवाजात आपलं बोलणं लपेल असा तिचा हिशेब असावा. रेकॉर्ड संपून सुई नुसतीच घासत होती, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

मी हातातली फांदी पुरी केली आणि दुसरी घेतली. मला त्या क्षणी जे वाटलं ते आनंदाच्या बरंच जवळचं होतं. चार दिवसांपासून एक शंका मला अडवून धरत होती: कदाचित मडमला माहीतच नसेल, की तिच्या गोष्टीतली बाई म्हणजे कोण. माहीत नसेल तर मला गप्प बसावं लागलं असतं. आता ती शंका गेली होती, आणि मला अडवणारं दुसरं काही नव्हतं.

माझे वडील, त्यांना मी अण्णा म्हणते, त्या जिनिंग फॅक्टरीत हेडक्लार्क होते. फॅक्टरी जालना स्टेशनपासून अंबडच्या रस्त्याला. आवारातच मॅनेजरसाहेबांचा आणि त्यांच्या मडमचा बंगला आणि मागच्या भिंतीला लागून आमचं क्वार्टर. मी सहा वर्षांची असताना आई गेली. बाळंतपणात गेली, नाताळच्या आदल्या दिवशी, आणि पोटातलं मूलही गेलं. मला एवढंच सांगितलेलं होतं. आईच्या दहाव्या-तेराव्यासाठी आत्या आमच्याकडे आली ती राहिलीच.

पुढं मडमनं अण्णांना बोलावून सांगितलं की मुलीला सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात घालू या, मी शब्द टाकते. आमच्या नात्यात तोवर कुणाची मुलगी इंग्रजी शाळेत गेली नव्हती. लोक म्हणाले, मडमला मूलबाळ नाही, पोरीवर जीव बसला असेल. मीही तसंच धरून चालले होते. डिसेंबरात सुट्टी लागली की मी जालन्याला यायची, आणि मडमचा बटलर निरोप घेऊन यायचा की चोवीस तारखेला मिसीबाबाला, म्हणजे मला, बंगल्यावर बोलावलंय, हेडक्लार्कसाहेबांनाही.

त्या संध्याकाळचा क्रम कधी बदलत नसे. आधी चहा. मग मडम बायबल उघडून ती गोष्ट वाचायची, जी कॉन्व्हेंटात आम्हाला पाठ होती: अवघडलेली बाई, दूरचा प्रवास, आणि सरायीत तिला कुणी जागा दिली नाही. ‘जागा नव्हती’ ह्या शब्दांवर मडमचा आवाज भरून यायचा. दरवर्षी तिथंच भरून यायचा. मग सगळे दिवे मालवून मॅनेजरसाहेब एका पसरट ताटलीत बेदाणे घालायचे, त्यावर ब्रँडी ओतायचे आणि काडी लावायचे. निळा जाळ उठायचा. त्या जाळातून बोटांनी बेदाणे उचलून तोंडात टाकायचे, असा त्यांचा खेळ. त्या उजेडात माणसांचे ओठ काळे दिसत, गाल बुडालेले दिसत, आणि सगळ्यांची तोंडं एकसारखी मेल्यासारखी होत. अण्णा हात मागं बांधून उभे राहायचे. ब्रँडी चालत नाही म्हणून त्यांना माफी होती.

जाळ विझत आला की त्याच अंधुक उजेडात मडम भुताची गोष्ट सांगायची.

सणाच्या दिवशी, आणि तोही देवाच्या जन्माचा, ही माणसं मेलेल्यांच्या गोष्टी का सांगतात ते मला कळत नसे. आमच्याकडे दिवेलागणीला ‘साप’ म्हणायचीसुद्धा चोरी, जनावर म्हणायचं. भूत हा शब्द निघाला तर आत्या पोळपाटावर लाटणं आपटायची. कॉन्व्हेंटातल्या अँग्लो-इंडियन मुलींनी मला समजावून सांगितलं होतं. त्यांच्या आज्या-पणज्यांच्या देशात डिसेंबरात दिवस चारच्या सुमाराला मावळतो, बाहेर बर्फ असतो, सगळे शेकोटीभोवती बसतात, मग दुसरं काय करायचं? भूत खरं असो नसो, त्यानं घाबरवलं पाहिजे आणि त्याला काहीतरी हवं असलं पाहिजे. कुणाला आपली हाडं पुरून हवी असतात, कुणाला खुनी पकडून हवा असतो. काहीच नको असलेलं भूत, त्या म्हणायच्या, म्हणजे नुसतं वारं.

मडमनं ह्याच रिवाजावरून आपला एक खेळ काढला होता. गोष्ट संपली की ती एकेकाला विचारायची, “सांगा, तिला काय हवं असेल?” ज्याचं उत्तर सगळ्यांना आवडेल त्याला रंगीत कागदाचा मुकुट मिळायचा.

भूत दरवर्षी एकच. अंबडच्या रस्त्याला वळणावर कडुलिंबाचं झाड आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनकडून मोटर येते, आणि दिव्यांच्या उजेडात एक बाई रस्त्याच्या मधोमध उभी दिसते. ड्रायव्हर ब्रेक दाबतो. बाई हात वर करते. ड्रायव्हर खाली उतरतो तर रस्त्यावर कुणी नाही, फक्त बांगड्यांचा आवाज येतो. ही बाई कोण, तर एका जहागीरदाराच्या हवेलीतली ठेवलेली बाई. तिला दिवस गेले, त्यानं तिला रात्रीतून घालवून दिलं, आणि ती पोट घेऊन त्या झाडाखाली मेली.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा बारा वर्षांची होते. मडमचा आवाज सांगताना खाली खाली जायचा, बांगड्यांचा आवाज काढायला ती दोन चमचे एकमेकांवर वाजवायची. मला ती गोष्ट फार आवडली होती. मी ती कॉन्व्हेंटात जाऊन मुलींना सांगितली, तशीच चमचे वाजवून. मुलींनी मला डोक्यावर घेतलं. हे लिहिताना मला आजही मडमचाच राग येतो. माझ्याच तोंडून तिनं माझ्या आईला जहागीरदाराची ठेवलेली बाई म्हणवलं.

मडम दरवर्षी गोष्टीत भर घालायची. एका वर्षी पातळ हिरवं झालं. एका वर्षी पावलं उलटी झाली. ते बहुधा बंगल्यातल्या नोकरांकडून कळलं असावं. मागच्या वर्षी कडेवर मूल आलं.

ह्या वर्षी मी चार दिवस आधी गाडीनं उतरले, तेव्हा माझ्या मांडीवर केक होता. सिकंदराबादेत एका बेकरीतून तो मडमसाठी यायचा. आधी पार्सलनं यायचा, मी मोठी झाले तसा माझ्याबरोबर यायला लागला. टिनाच्या डब्यात मेणकागदात गुंडाळलेला, चांगला जड. रात्रभर मीटरगेजच्या धक्क्यांतून तो मी मांडीवरून खाली ठेवला नव्हता. स्टेशनवर मडमची मोटर आली होती. केकसाठी आली होती, पण केकबरोबर मीही बसले.

मोटर चालवणारे चाचा मला लहानपणापासून ओळखत. दाढी पिकली होती, नजर मंदावली होती, म्हणून आता ते गाडी हळू हाकायचे. कुंडलिका नदीवरून येऊन अंबडच्या रस्त्याला लागलो आणि कडुलिंबाच्या वळणावर त्यांनी गाडी आणखी हळू केली. मी गंमत म्हणून म्हटलं, “चाचा, दिखी क्या वो औरत?”

बोलून झाल्यावर माझं मलाच नवल वाटलं; जालन्यात एवढंही मी कुणाशी बोलत नसे. चाचांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

“तुमे भी हँसते क्या, बेटी?” ते म्हणाले. “तुमे नक्को हँसो.”

ते समोरच्या काचेकडे बघत राहिले आणि मग त्यांच्या दखनीत, मधूनमधून माझ्यासाठी मराठीत, सगळं सांगून टाकलं.

त्या दिवशी दुपारपासून आई अडली होती. सुईणीनं सांगितलं, माझ्या हातचं न्हाई, औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आगगाडीची वाट बघण्याइतका वेळ नव्हता. आवारात मोटर एकच, मडमची. अण्णा बंगल्याच्या पायऱ्यांपाशी गेले तेव्हा मोटर पोर्चमध्ये उभी होती आणि चाचा फडक्यानं दिवे पुसत होते. मडम व्हरांड्यात आली. अण्णांनी हात जोडून सांगितलं. मडम म्हणाली, गाडी स्टेशनवर जायची आहे, सिकंदराबादच्या गाडीनं केक येतोय. तो आला की मग घेऊन जा.

“मैं बोल्या, मेमसाब, पार्सल है, टांगे में भी आ जाता,” चाचा म्हणाले. “उनो बोले, टांगे में टूट जाता.”

चाचा स्टेशनवर गेले. सिकंदराबादची गाडी उशिरा आली, फार उशिरा. केक घेऊन ते परत आले तेव्हा ते थेट आमच्या क्वार्टरशी गाडी घेऊन गेले, केक तसाच मागच्या सीटवर. दारात बायका जमलेल्या होत्या. त्यांना उतरावंसुद्धा लागलं नाही.

“फिर भूत?” मी विचारलं.

तेव्हा चाचांनी जे सांगितलं त्यानंच माझं डोकं फिरलं. भूत त्यांनी कधी बघितलं नव्हतं. पुढच्या नाताळला मडमनं पुन्हा स्टेशनवर केक आणायला पाठवलं, आणि परत येताना त्यांच्यानं राहवलं नाही. त्यांनी मडमला जाऊन सांगितलं की वळणावर एक बाई उभी होती, पोटुशी, तिनं गाडीला हात केला. आपल्यात कुणाच्या तोंडावर असं म्हणणं म्हणजे काय असतं ते सगळ्यांना कळतं. ज्याच्यामुळं मेली त्याच्या वाटेत ती उभी आहे, असं म्हटलं की पुढचं बोलावं लागत नाही. ऐकणारा घाबरतो, रडतो, निदान कुणाची तरी माफी मागतो.

“मैं तो बद्दुआ दे रहा था, बेटी. उनो ताली बजाए. बोले, फिर से बोलो, साब को भी सुनाओ. और मेरे कू इनाम दिए.”

“आणि तुम्ही घेतलं?”

चाचांनी बाहीनं समोरची काच पुसली. मग त्यांनी गाडी सुरू केली.

केकचा डबा माझ्या मांडीवर होता. झाकण उघडून त्यात रस्त्यावरची माती ओतावी असं मनात आलं. ओढ्यात भिरकावावा असंही आलं. मी तसं काही केलं नाही. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि बंगल्यावर अखंड पोचवला. मडमनं झाकण उघडून बघितलं, कुठं चीर नव्हती. “हिच्याइतकं जपून कुणी आणत नाही,” ती साहेबांना म्हणाली.

घरी आत्या चुलीपुढं होती. मी तिला सरळ विचारलं की आई गेली त्या दिवशी मोटर मागितली होती का.

“कोन सांगून राह्यलं तुला हे?”

“मागितली होती का, ते सांग.”

“मागितली व्हती. न्हाई मिळाली. मंग काय करतीस आता? तोंड धू, चहा घे.”

“आणि बंगल्यात ती भूत म्हणून गोष्ट सांगतात, ते माहीत आहे तुला?”

आत्याचा हात थांबला. तिला हे माहीत नव्हतं, ते मला तिच्या तोंडावरून कळलं. “भूत? आमच्या वहिनीला?” ती म्हणाली. “अगं, सुईणीनं चार खिळे ठोकले व्हते आपल्या उंबऱ्यात, बाळंतपणात गेलेली मागं फिरू न्हाई म्हणून. मी ते तेराव्याच्या आधी उपटून टाकले. म्हटलं, येऊ दे. लेकरू हाये तिचं इथं, येतीय तर येऊ दे. मी वाट बघितली, बाई. न्हाई आली ती. अन् ती काय त्या मडमसाठी रस्त्यात उभी ऱ्हाईल?”

मग तिनं पदर तोंडाला लावला आणि मला बाहेर घालवलं.

अण्णांशी बोलणं अवघड होतं. ते ओसरीवर बसून डोक्याच्या रुमालाच्या घड्या घालत होते. मी म्हटलं, मी ह्या वर्षी बंगल्यावर येणार नाही.

“का?”

“चाचांनी सांगितलं मला.”

त्यांनी घडी मोडली आणि पुन्हा घातली. “म्हातारा झालाय तो. त्याचं काय ऐकतेस.”

“खोटं आहे का?”

“हे बघ, तुझी शेवटची परीक्षा राहिलीय. मुंबईचे मोठे साहेब येऊन राह्यलेत ह्या वर्षी. ह्या क्वार्टरातून उद्या निघा म्हटलं तर आपण कुठं जायचं, आत्याला घेऊन? तू यायचं. यायचं, चहा घ्यायचा, आणि परत यायचं. बराबर?”

“तुम्हाला माहीत होतं, त्या गोष्टीतली बाई कोण ते?”

“मी तिथं गोष्ट ऐकायला जात नाही,” अण्णा म्हणाले. “मी तिथं उभा राहायला जातो.”

त्यांची दया यायला हवी होती. तेव्हा आली नाही. मागच्या वर्षी मडमनं विचारलं होतं, तिला काय हवं असेल, आणि अण्णा वाकून म्हणाले होते, “मॅडम, तिला मोक्ष हवा असेल.” मडमला ते फार पसंत पडलं होतं. कागदी मुकुट अण्णांना मिळाला होता, आणि तो त्यांनी रुमालावरच घालून घेतला होता. मला आठवत राहिलं की तेव्हा मीही हसले होते, आणि अण्णाही.

म्हणून मी बंगल्यावर गेले. मला बघायचं होतं की मडमला माहीत आहे का. ते कळलं. ग्रामोफोनची सुई घासत होती आणि मी कापूस लावत होते, तेव्हाच कळलं.

माणसं जमली. मॅनेजरसाहेब, मुंबईचे मोठे साहेब आणि त्यांची बायको, स्टेशनकडचे एक गोरे इंजिनियर, आणि भिंतीशी अण्णा. चहा झाला. मडमनं बायबल वाचलं. अवघडलेली बाई आली, सराय आली, आणि मडमचा आवाज ठरल्या जागी भरून आला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती खोटं रडत नव्हती. डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला तोवर समजलेल्या गोष्टींत हे सर्वांत भयंकर होतं, आणि त्यानं मला बळ आलं. ती नाटक करत असती तर कदाचित मी तिला सोडून दिलं असतं.

दिवे मालवले. बेदाण्यांवर निळा जाळ उठला. इंजिनियरनं बोट भाजून घेतलं, सगळे हसले. मी कधी त्या ताटलीत हात घातला नव्हता. त्या दिवशी घातला. मडम म्हणाली, “अरे वा, आमची लाजाळू मुलगी धीट झाली!” बेदाणा तोंडात घातला तेव्हा तो नुसता कडू आणि गरम लागला.

मग गोष्ट सुरू झाली. नवे पाहुणे होते म्हणून मडम रंगात आली होती. मोटर स्टेशनवरून निघाली, वळण आलं, कडुलिंब आला. चमच्यांच्या बांगड्या वाजल्या. जहागीरदार आला, हवेली आली. ह्या वर्षीची भर अशी होती की भूत मोटरच्या काचेला तोंड लावतं आणि काचेवर वाफ उरते. मुंबईची बाई “नको, नको!” म्हणत नवऱ्याच्या दंडाला धरत होती, आणि मध्येच माझ्याकडे बघत होती. पुन्हा पुन्हा बघत होती. माझं तोंड कसं होतंय ते तिला बघायचं होतं. त्यासाठीच मला दरवर्षी बोलावलं जात होतं हे मला तेव्हा स्वच्छ कळलं. कापूस कुणीही लावला असता.

मी तोंड सरळ ठेवलं. शाळेत सिस्टरनी शिकवलेलं होतं, मांडीवर हात एकावर एक, पाठ ताठ. त्या गोष्टीत आईचं एकही खरं काही नव्हतं. ती कशी दिसायची ते मला नीट आठवत नाही, तरी एवढं माहीत आहे की तिच्या हातात काचेच्या बांगड्या फार नव्हत्या, फुटतात म्हणून ती थोड्याच घालायची. त्या दिवशी ती आमच्याच माजघरात होती, कुठल्या झाडाखाली नाही. आणि तिला कुणी घालवून दिलेलं नव्हतं. तिचा नवरा ह्या बंगल्याच्या पायऱ्यांवर उभा होता.

गोष्ट संपली. टाळ्या झाल्या. बटलरनं दिवा आणला आणि केकही आणला, अखंड, वर साखरेचा थर. मडमनं सुरी हातात घेतली आणि केक कापता कापता विचारायला लागली.

“सांगा, तिला काय हवं असेल?”

“जहागीरदाराचा गळा,” इंजिनियर म्हणाले. सगळे हसले.

“तिचे दागिने,” मॅनेजरसाहेब म्हणाले. ते दरवर्षी हेच म्हणायचे.

मोठे साहेब म्हणाले, “ह्या थंडीत? एक शाल!” पुन्हा हसू.

“आणि आपले हेडक्लार्क?” मडमनं विचारलं. “मागच्या वर्षी तुम्ही फार सुंदर उत्तर दिलंत.”

अण्णा पुढं झाले. “मॅडम, मोक्ष,” ते म्हणाले, तेच, त्याच आवाजात. मडमनं मान डोलावली, मुकुट उचलला आणि त्यांच्या रुमालावर ठेवला. निळा कागद होता, सोनेरी कडा असलेला. तो एका बाजूला कलला. अण्णांनी तो सरळ केला नाही.

खेळ तिथंच संपायचा. मला कधी कुणी विचारत नसे. मडम म्हणायची, तिला छळू नका. पण मुंबईची बाई पुढं सरकली. तिच्या डोळ्यांत एक चमक होती, मघाशी ऐकलेलं गुपित तिच्या पोटात मावत नव्हतं.

“आणि ह्या मुलीला काय वाटतं? मला हिचंच उत्तर ऐकायचंय.”

“अगं, ती बोलत नाही,” मडम घाईनं म्हणाली. “तिला राहू दे.”

“का? बोलू दे की. बोल, मुली. त्या बाईला काय हवं असेल?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मुकुटाखालचं त्यांचं तोंड मला एवढंच सांगत होतं की नको. क्वार्टर, परीक्षा, आत्या, सगळं त्या तोंडावर होतं, आणि मला ते सगळं दिसत होतं. मडमनं केकचा पहिला तुकडा बशीत ठेवून माझ्यापुढं धरला होता, मला काहीतरी करायला मिळावं म्हणून.

मी उभी राहिले. बशी मी घेतली नाही. इतकी वर्षं ज्या भाषेत माझ्या तोंडून त्या घरात ‘थँक्यू’च्या पलीकडं काही निघालं नव्हतं, त्या भाषेत, सिस्टरनी शिकवल्यासारखं, प्रत्येक शब्द सुटा करून, मी मडमकडे बघून म्हणाले:

“तिला तुमची मोटर हवी होती. ती माझी आई होती, ती मागच्या क्वार्टरात बाळंतपणाला अडली होती, माझे वडील तुमच्या पायऱ्यांवर हात जोडून उभे होते, आणि तुम्ही म्हणालात, आधी केक येऊ दे.”